ख्रिस्ती वेस्टर्न प्रेमकादंबरी: आधी लग्न की आधी श्रद्धा?

पानोपानी

कॅनडाच्या लेखिका जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली बेथनी हाउस या प्रकाशनाने काढली आणि ख्रिस्ती वेस्टर्न प्रेमकादंबरी तिथून सुरू झाली, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. मला हे मुळीच मान्य नाही. अमेरिकन लेखिका ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल यांची 'द गर्ल फ्रॉम मोंटाना' १९०८ची, 'द मॅन ऑफ द डेझर्ट' १९१४ची आणि 'अ व्हॉइस इन द विल्डरनेस' १९१६ची. तीन पुस्तकांत सगळा साचा तयार आहे: एकटी पडलेली मुलगी, उजाड मुलूख, देखणा पण काहीतरी उणं असलेला पुरुष (किंवा उलट, उणेपण तिच्यात), प्रार्थना, आणि शेवटच्या काही पानांवर चुंबन.

ओक यांनी साचा नवा केला नाही. त्यांनी क्रम उलटा केला, आणि तेच त्यांचं मोठं काम आहे असं मला वाटतं. हिल यांच्याकडे बायबलमधला पौलाचा नियम (२ करिंथ ६:१४, विश्वासणाऱ्याने विजोड नातं जोडू नये) सगळी गोष्ट चालवतो. दोघं श्रद्धेत एकत्र आल्याशिवाय लग्न नाही. 'मॅन ऑफ द डेझर्ट'मध्ये हेझल ही श्रीमंत घरची, खासगी रेल्वेडब्यातून फिरणारी मुलगी, आणि जॉन ब्राउनली हा ॲरिझोनातला मिशनरी. प्रेम लवकर जमतं, लग्न मात्र ती आतून बदलेपर्यंत आणि नर्सिंग शिकून येईपर्यंत थांबतं. ओक यांच्याकडे मार्टी आणि क्लार्क यांचं लग्न पहिल्या काही पानांतच लागतं. प्रेमही नाही, तिच्याकडे श्रद्धाही नाही. दोन्ही पुढे सावकाश येतात.

माझे प्रश्न दोन. पहिला: हा उलटा क्रम पौलाच्या नियमात बसतो का? आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा: या गोष्टींना 'वेस्ट', म्हणजे अमेरिका-कॅनडाचा पश्चिमेकडचा विरळ वस्तीचा मुलूख, खरोखर लागतो का, की तो नुसता मागचा पडदा आहे?

उंबरठा

१९०८च्याही मागे जा. राल्फ कॉनर, म्हणजे कॅनडातले प्रेस्बिटेरियन पाळक (प्रोटेस्टंट धर्मोपदेशक) चार्ल्स गॉर्डन. 'ब्लॅक रॉक' १८९८, 'द स्काय पायलट' १८९९. दुसरी अल्बर्टाच्या डोंगरपायथ्याची. 'स्काय पायलट' हा गुराख्यांनी पाद्र्याला दिलेला शब्द. प्रेमकथा तिथे कडेला आहे हे खरं, पण गुराखी, दारू, तरुण पाळक आणि हळूहळू वळणारी वस्ती ही मांडणी त्यांचीच. हिल यांनी त्या मांडणीच्या मधोमध मुलगी आणून ठेवली.

गोरजवेळ

+१. 'स्काय पायलट'मधली ग्वेन विसरता येत नाही. घोड्यावरून भिरभिरणारी ती पोर अपघातानंतर खाटेला खिळते, तिथून पुढची पानं सावकाश वाचावीत.

लोखंडी_चूल

वेस्ट लागतोच, आणि पहिल्या प्रसंगापासून लागतो. मार्टीचा नवरा क्लेम घोड्याच्या अपघातात जातो. दफनाच्याच दिवशी क्लार्क लग्नाचं विचारतो. वरवर वाचणाऱ्याला हे निर्दयी वाटतं. पण त्या मुलखात पाळक गावचा नसतो, फेरीवर असतो. आज तो दफनासाठी आला आहे, पुन्हा येईल तो थेट वसंतात. हिवाळा तोंडावर, मुक्काम वॅगनमध्ये (छप्पर घातलेल्या घोडागाडीत), पोटात मूल. परक्या पुरुषाच्या घरात लग्नाशिवाय राहणं तिला जमणार नाही, आणि वॅगनमध्ये हिवाळा निघणार नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते आज संध्याकाळच्या आत. हाच प्रसंग गावात चर्च आणि पाळकाचं घर असलेल्या पेन्सिल्व्हेनियात लिहून बघा, एका वाक्यात कोसळेल.

स्वयंपाकाचंही तसंच. मार्टीला रांधता येत नाही, म्हणून ती जेवणाला पुन्हा पुन्हा पॅनकेक करते. हा नुसता विनोद नाही, त्यामागे चुलीचं गणित आहे. ओतीव लोखंडाच्या चुलीला तापमापक नसायचा. भट्टीचा कप्पा तापला का हे बघायला आत उघडा हात धरून आकडे मोजायचे: साधारण विसाच्या आत हात काढावा लागला तर कडक, चाळीस-पंचेचाळीसपर्यंत धरवला तर मध्यम. शिवाय धुराड्याची झडप, म्हणजे डँपर, कधी वळवायची ते कळलं पाहिजे. ती उघडी राहिली तर धग सरळ वर निघून जाते. बंद केली की धूर भट्टीभोवती फिरून तिला तापवतो. पण आग नीट धरण्याआधीच बंद केली तर घर धुराने भरतं. लाकूड वाळलेलं आणि बारीक फोडलेलं हवं, ओंडका टाकला की वरचा तवा तापेल पण भट्टी मागे राहील. ब्रेडला हे सगळं जमावं लागतं, वर यीस्ट जिवंत ठेवावं लागतं. पॅनकेक वरच्या तव्यावर होतो, डोळ्यांसमोर होतो, करपला तर पुढचा घालता येतो. न शिकलेली बाई पॅनकेकच करेल. पुढे ज्या दिवशी तिचा ब्रेड जमतो त्या दिवशी वाचकाला कळतं की ही आता इथली झाली. प्रेमकादंबरीत पाव फुगणं हा प्रेमाचा प्रसंग होऊ शकतो तो असा.

रेवाकाठ

शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं.

सातबारा

जमिनीचा कायदाही जोडा, कारण या प्रकारात लिहू पाहणारे नेमके तिथे चुकतात.

अमेरिकेचा होमस्टेड कायदा २० मे १८६२चा, अंमल १ जानेवारी १८६३ पासून. वसून कसणाऱ्याला सरकारी जमीन, १६० एकर. अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख. पाच वर्षं राहायचं, कसायचं, घर बांधायचं, मग साक्षीदार आणून पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, मिळवायचा. थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलरने विकतही घेता येई. एकट्या स्त्रीला आणि विधवेला स्वतःच्या नावे दावा करता येत असे. नवरा असलेल्या बाईला सहसा नाही, कारण कायद्याने कुटुंबप्रमुख तो. आणि दावा दाखल करून नवरा मेला तर विधवेला उरलेली मुदत पुरी करून पट्टा घेता येई.

आता याचा कथानकावर परिणाम बघा. नायिका विधवा आहे आणि नवऱ्याने दावा केलेला आहे, तर 'तिला लग्नावाचून गत्यंतर नाही' हे लटकं पडतं. तिच्या हातात १६० एकर आहेत! ओक यांनी क्लेमला दावा करण्याआधीच मारलं हे म्हणून महत्त्वाचं. मार्टीकडे वॅगन आहे, जमीन नाही.

कॅनडाचा डोमिनियन लँड्स कायदा १८७२चा. तिथेही १६० एकर, दहा डॉलर फी, पण मुदत तीन वर्षं, आणि १८७६ पासून अविवाहित मुलीला तिथे दावा मिळत नसे. दोन देशांचे कायदे एकत्र केले की गोष्टीचा पायाच निसटतो. अल्बर्टात एकटी मुलगी होमस्टेड घेते असं लिहिलं की जाणकार पुस्तक मिटतो.

पानोपानी

@सातबारा, हे फार मोलाचं. ओक यांची दुसरी मालिका कॅनडाचीच, 'व्हेन कॉल्स द हार्ट' (१९८३). तिथे त्यांनी मुलीला जमीन घ्यायला लावलं नाही. टोरंटोची एलिझाबेथ शिक्षिका म्हणून अल्बर्टात येते. शाळा हाच एकट्या मुलीला तिथे पाठवण्याचा पटणारा मार्ग.

उंबरठा

आणि नायक माउंटेड पोलीस, म्हणजे कॅनडाच्या घोडेस्वार पोलीस दलातला. त्या दलात परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. त्यामुळे 'तो बोलत का नाही' या प्रश्नाला नोकरीच्या नियमातच उत्तर मिळतं, उगाच गैरसमज रचावे लागत नाहीत. या प्रकारात गैरसमजावर तीनशे पानं ओढणारी पुस्तकं ढिगाने आहेत, ती इथेच हरतात.

कालवा

थोडं विषयांतर, पण विषयाच्या कडेलाच. हॅरल्ड बेल राइट यांना कुणी आठवलं नाही. तेही पाळकच होते. 'द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ' (१९११) कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यातली: वाळवंट, कालवा आणि दोन पुरुषांमधली मुलगी. १९२६च्या चित्रपटात गॅरी कूपर होता.

त्यामागची खरी घटना कादंबरीइतकीच दमदार आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने खोऱ्यात आणलं. नदी गाळाने भरलेली, कालव्याचं तोंड बुजू लागलं, शेतकरी पाण्यासाठी ओरडू लागले. मग १९०४च्या शरदात मेक्सिकोच्या हद्दीत नदीच्या काठाला नवा काप घेतला, तोही दरवाजे न बसवता. विचार असा की पूर येण्याआधी बंद करू. १९०५च्या सुरुवातीलाच पूर आले, कापाचे काठ खचत गेले आणि अख्खी नदी खोलगट सॉल्टन खोऱ्यात वळली. सदर्न पॅसिफिक रेल्वेने वॅगनीच्या वॅगनी दगड ओतून ती १९०७च्या फेब्रुवारीत परत वळवली. मागे राहिलं ते सॉल्टन सरोवर. उताराच्या बाजूला, गाळाच्या काठावर, दरवाजाशिवाय काप: जलसंपदा खात्यातला कनिष्ठ अभियंताही याला हात लावणार नाही.

राइट यांनी याचा नैतिक प्रश्न केला: पैसा ज्या लोकांच्या जमिनीवर वाढतो त्यांचं देणं लागतो का? प्रेमकथा त्या प्रश्नावर उभी आहे.

गोरजवेळ

माहिती उत्तम, पण ती ख्रिस्ती प्रेमकादंबरी म्हणायची का? त्यात श्रद्धा नायक-नायिकेच्या मध्ये उभी नाही. पौलाचा नियम कुठे अडवतच नाही. माझ्या मते ती शेजारच्या गल्लीतली.

कालवा

@गोरजवेळ, मान्य. शेजारची गल्ली. पण त्या गल्लीतून पाणी इकडे येतं.

रानजाई

एक गोष्ट अजून कुणीच बोललं नाही. हे १६० एकर रिकामे नव्हते. हिल यांच्या ॲरिझोनात मूळ रहिवासी दिसतात ते मिशनचं कार्यक्षेत्र म्हणून. त्यांना नावं कमी, बोलणं त्याहून कमी. ओक यांच्या माळावर तर ते बहुतेक नजरेआडच. १८८७च्या डॉज कायद्याने त्यांच्या सामाईक जमिनी वैयक्तिक तुकड्यांत वाटल्या आणि 'उरलेल्या' बाहेरच्यांना खुल्या केल्या. १८८७ साली त्यांच्याकडे सुमारे १३.८ कोटी एकर होते, १९३४पर्यंत सुमारे ४.८ कोटी राहिले. ज्या प्रकारात शेजाऱ्यावर प्रेम करा हे पानोपानी येतं, त्यात सगळ्यात जुना शेजारी नाही, ही मला त्याची सगळ्यात मोठी उणीव वाटते. पुस्तकं वाचू नका असं म्हणत नाही. वाचताना मोकळ्या माळाचं वर्णन आलं की थांबून विचारा, मोकळा कुणी केला?

पानोपानी

हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. पूर्ण सहमत. 'मॅन ऑफ द डेझर्ट'मध्ये तर नायकाचं सगळं आयुष्यच त्या लोकांमध्ये आहे, तरी त्यांच्यातलं एकही माणूस पुस्तक संपल्यावर लक्षात राहत नाही.

शब्दवेल्हाळ

अनुवादाच्या बाजूने लिहितो. हक्कांपासून सुरुवात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. हिल १९४७ साली वारल्या, म्हणजे १ जानेवारी २००८ पासून त्यांची पुस्तकं इथे खुली. कॉनर १९३७, राइट १९४४, तेही खुले. ओक यांच्या पुस्तकांना मात्र प्रकाशकाची लेखी परवानगी हवी, फेसबुकवर क्रमशः टाकायलासुद्धा.

दुसरं, वचनं. कादंबरीत इंग्रजी बायबलचं वाक्य आलं की ते नव्याने भाषांतरित करू नका. मराठी पवित्र शास्त्रात जे आहे तेच घ्या. ख्रिस्ती वाचकाला वचन कानाने ओळखू येतं. तुमचं सुंदर भाषांतर त्याला परकं वाटेल आणि ज्या क्षणी पात्राला धीर मिळायचा त्याच क्षणी वाचक अडखळेल. तसंच 'पाळक', 'उपासना', 'तारण', 'बाप्तिस्मा' हे शब्द जसेच्या तसे. 'पुजारी' आणि 'मोक्ष' लिहिलेले मसुदे परत करावे लागतात.

तिसरं आणि अवघड: ओक यांची पात्रं खेडवळ इंग्रजी बोलतात, उच्चाराप्रमाणे स्पेलिंग मोडून लिहिलेली. ते मराठीत कसं आणायचं?

गावशिव

बोलीत. वऱ्हाडी घ्या. क्लार्क शेतकरी आहे, तो 'मी तुमच्याशी विवाह करू इच्छितो' असं बोलला तर दिवाळी अंकातला प्राध्यापक वाटेल.

शब्दवेल्हाळ

@गावशिव, वऱ्हाडी आली की वऱ्हाड आलं. पऱ्हाटी, धुरा, कडुनिंब सगळं डोळ्यांसमोर येतं आणि बर्फाचा माळ पुसला जातो. प्रदेश सांगणारी बोली नको. वाक्य आखूड ठेवा, संस्कृत शब्द टाळा, 'व' आणि 'परंतु' टाळा, क्रियापद लवकर आणा. 'पाळक आज हाय, पुन्हा वसंतात' असं नको, पण 'पाळक आज आहे. मग थेट वसंतात' एवढ्यात तो शेतकरी होतो.

गावशिव

उदाहरण पटलं. पण शेजारीण म्हातारी बोलायला लागली की थोडी बोली येऊ द्या हो. सगळेच तुटक बोलले तर तार वाचल्यासारखं होईल.

शब्दवेल्हाळ

ते खरं. म्हाताऱ्या बायांना मोकळीक.

लोखंडी_चूल

'सॉड हाउस'ला काय म्हणणार? ओक यांच्या 'लव्हज लाँग जर्नी'त (१९८२) क्लार्कची मोठी झालेली मुलगी मिसी आणि तिचा नवरा विली अशाच घरात राहतात. 'मातीचं घर' म्हटलं की आपल्याला पांढऱ्या मातीच्या भिंती आणि सारवण दिसतं. हे तसं नाही. नांगराने गवतासकट जमिनीचे पट्टे काढायचे, ते विटांसारखे तोडायचे आणि गवताची बाजू खाली करून रचायचे. मुळांची जाळी माती धरून ठेवते, भिंत दोन-तीन फूट जाड होते. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. पण छपरावरही तेच, त्यामुळे पाऊस थांबल्यावरसुद्धा आत ठिबकत राहतं, आणि कोरड्या दिवसांत ताटात माती पडते म्हणून आढ्याला कापड ताणून बांधत.

सातबारा

'ढेकळांचं घर'? की 'हरळीच्या विटांचं घर'?

लोखंडी_चूल

'गवतमातीचं घर'. पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात रचना सांगायची, पुढे नुसतं 'घर'.

उंबरठा

मूळ प्रश्न राहून जातोय. त्याआधी एक आठवण: १८५७चं बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'. ख्रिस्ती कादंबरी, प्रवास, विधवेचं दुःख, नवऱ्याचा मृत्यू, मग श्रद्धा आणि मग पुनर्विवाह. हिल यांच्या जन्माआधी आठ वर्षं हे मराठीत लिहून झालं होतं. आणि क्रम बघा: यमुना आधी बाप्तिस्मा घेते, मग ख्रिस्ती माणसाशी लग्न करते. म्हणजे हिल यांचाच क्रम.

रेवाकाठ

पण तिथे अडसर हवेचा नाही, माणसांचा आहे. यमुनेला बर्फ कोंडत नाही, रूढी कोंडते. पदमनजींना रिकामा मुलूख लागलाच नाही, उलट भरलेला लागला. घरोघरच्या विधवा दाखवायला यमुनेला हिंडवावं लागलं.

पानोपानी

@उंबरठा, हा दुवा माझ्या डोक्यातही नव्हता. आणि @रेवाकाठ, तुमच्या मुद्द्याने माझ्या दुसऱ्या प्रश्नाला चांगलंच वळण दिलं. म्हणजे श्रद्धेने वळलेल्या प्रेमकथेला वेस्ट लागत नाही, पण क्रम उलटा करायचा असेल तर लागतो?

गोरजवेळ

मला तसंच वाटतं. नियमाचं उत्तरही त्यातच आहे. क्लार्क विश्वासणारा, मार्टी नाही, तरी लग्न. ओक यांनी ते कसं सांभाळलं? लग्न फक्त नावाला, तो वेगळा झोपतो, त्याला हवी आहे ती छोट्या मिसीला आई. आणि वसंतात वॅगनी पूर्वेला निघतील तेव्हा तिला जायचं असेल तर प्रवासखर्च तो देईल, असा शब्द आधीच दिलेला. हा शब्द काढून टाका आणि पुस्तक पुन्हा वाचा: अडचणीतल्या बाईला कोंडल्याची गोष्ट होईल. तो शब्द आहे म्हणून तिचं राहणं हे तिचं स्वतःचं होतं. नवे लेखक सोयीच्या लग्नाचा प्रसंग उचलतात आणि परतीचं भाडं विसरतात. त्यांची पुस्तकं तिथेच फसतात.

दुसरी फसायची जागा म्हणजे प्रवचन. पात्र बदलायला हवं म्हणून पाळक तीन पानं बोलतो आणि चौथ्या पानावर नायक रडतो. ओक तसं करत नाहीत. क्लार्क रोज जेवणाच्या टेबलावर वाचतो, प्रार्थना करतो, आणि मार्टी ते नुसतं ऐकते. शंभर पानं नुसतं ऐकते. हिल यांना तर प्रवचनाचा धोका पुरता माहीत होता. 'व्हॉइस इन द विल्डरनेस'मधला खरा त्रासदायक माणूस बंदूकवाला नाही, तो अर्धंकच्चं शिकून आलेला, स्वतःलाच खात्री नसलेला उपदेशक आहे. त्याचं नावच वेस्ट!

सातबारा

नवख्याने सुरुवात कुठून करावी हेही कुणी सांगा.

गोरजवेळ

'अ व्हॉइस इन द विल्डरनेस'. पहिलं प्रकरण रात्री वाचा. मार्गारेट अर्ल ही नवी शिक्षिका, गाडी थांबली म्हणून स्टेशन समजून ॲरिझोनात उतरते. गाडी निघून जाते. फलाट नाही, दिवा नाही, माणूस नाही. वाळवंट आणि पाण्याची टाकी.

कालवा

आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी घ्यावंच लागे, म्हणून वस्ती असो नसो, रुळांकाठी उंच टाकी असे. गाडी काही मिनिटं थांबे, टाकीची सोंड फिरवून टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) पाणी सोडत, मग निघे. अंधारात डब्यात बसलेल्याला तो थांबा आणि स्टेशन यात फरक कळणं कठीण. पूर्वेकडच्या दाट वस्तीत अशी चूक झाली तरी दहा मिनिटं चालून कुणाचं तरी दार ठोठावता येतं.

पानोपानी

म्हणजे पहिल्या प्रकरणापुरता तरी वेस्ट पडद्यासारखा नाही. हक्क खुले आहेत, तर हेच प्रकरण मराठीत करायला घेते. @शब्दवेल्हाळ, मसुदा तपासाल का? आणि 'वॉटर टँक' नुसतं 'टाकी' लिहिलं तर वाचकाला गच्चीवरची काळी सिंटेक्स दिसेल, त्याचं काय करू?

शब्दवेल्हाळ

जरूर पाठवा. 'इंजिनाला पाणी पाजायची टाकी' लिहा, खाली लाकडी पाय आणि बाजूला लोंबणारी सोंड दाखवा. मग पुढे 'टाकी' चालेल.